काट्यावर ३३१ किलो, स्क्रीनवर उणे ३२४: वजनाचे बाइट वाचताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

इलेक्ट्रॉनिक काट्याला संगणक किंवा मोबाईल जोडून वजन घेणारं सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलंय. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा बरोबर आहे आणि तुमच्या स्क्रीनवर भलताच येतोय. तोही कायम नाही, मधूनच. दहा वजनं बरोबर, अकरावं चूक. तार बदलून बघितली, काटेवाल्याला बोलावलं, लोडसेल तपासला, तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं होत असेल तर पुढचं वाचा.

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत दुकानं, गावागावांतल्या दूध संस्था आणि शिरोलीकडच्या फौंड्र्या, अशा ठिकाणी मी ही जोडणीची कामं करतो. अडचण प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते, पण मूळ एकच सापडत आलंय. तारेतून आलेले बिट, म्हणजे ० आणि १, बरोबर असतात. ते कसे वाचायचे याबद्दल काट्याचा एक ठराव असतो, आपल्या प्रोग्रॅमचा दुसरा. आणि हे दोन ठराव कुठे फाटलेत, ते बहुतेक वेळा चुकलेला आकडाच सांगतो. म्हणून चुकलेलं वजन पुसून टाकू नका. बरोबर वजन आणि चुकलेलं वजन शेजारी शेजारी वहीत लिहा आणि वजाबाकी करा. अर्धं काम तिथंच होतं.

उरलेलं अर्धं काम म्हणजे कच्चे बाइट बघणं. कोडमधली एकही ओळ बदलण्याआधी, काट्याकडून आलेला प्रत्येक बाइट आठ बिटांच्या रूपात स्क्रीनवर छापा. डावीकडची शून्यं गाळू नका. ५ हा आकडा १०१ असा नको, ००००१०१ असाही नको, पूर्ण ०००००१०१ असा हवा. शून्यं गळली की कुठला बिट कितव्या जागी आहे हे डोळ्यांना कळत नाही आणि आपण चुकीच्या जागी शोधत बसतो. (इथे आकडे देवनागरीत लिहिलेत ते वाचण्यासाठी. कोडमध्ये टाइप करताना नेहमीचे इंग्रजी अंकच लागतील.)

अकरावा रवा ठेवला की वजन उणे

ही तक्रार मला पहिल्यांदा एका अडत दुकानातून आली. मोठा प्लॅटफॉर्म काटा, त्यावर तीस किलोच्या आसपासचे गुळाचे रवे (ढेपा) चढवून एकत्र वजन घ्यायचं. दहा रव्यांपर्यंत सगळं व्यवस्थित. अकरावा ठेवला की काट्यावर ३३१.२० आणि स्क्रीनवर उणे ३२४.१६. हमालाने एक रवा उतरवला की पुन्हा बरोबर. दुकानदाराला वाटलं, काटा एवढं वजन पेलत नाही. पण काट्याचा स्वतःचा डिस्प्ले तर बरोबर दाखवत होता.

वजाबाकी करू. काटा दहा ग्रॅमच्या एककात वजन पाठवायचा, म्हणजे ३३१.२० किलो हे ३३१२० असं यायचं. स्क्रीनवरचा आकडा त्याच हिशेबाने उणे ३२४१६. दोन्हींतला फरक ६५५३६. हा आकडा दिसला की पुढे शोधण्याची गरज नाही. २ चा सोळावा घात ६५५३६ आहे. दोन बाइट म्हणजे सोळा बिट, आणि सोळा बिटांत ० ते ६५५३५ एवढे आकडे बसतात. पण तुम्ही ज्या प्रकारच्या चलात ते ठेवले तो साइन्ड (अधिक-उणे चिन्ह धरणारा) असेल, तर त्याच सोळा बिटांत उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ असे आकडे वाचले जातात.

आलेले बाइट खाली देतो. सलग लिहिले तर बिट डोळ्यांनी मोजावे लागतात, म्हणून चार-चार सुटे करून लिहितो. वरचा बाइट १००० ०००१, खालचा ०११० ००००. यातल्या चालू बिटांच्या किमती डावीकडून ३२७६८, २५६, ६४ आणि ३२. बेरीज ३३१२०. साइन्ड वाचनात बाकी सगळं तसंच राहतं, फक्त सगळ्यात डावीकडच्या बिटाची किंमत अधिक ३२७६८ ऐवजी उणे ३२७६८ धरली जाते. मग उणे ३२७६८ अधिक ३५२, म्हणजे उणे ३२४१६. बिट तेच, फक्त एका जागेची किंमत बदलली. पाठ्यपुस्तकात टूज कॉम्प्लिमेंट (ऋण आकडे बिटांत लिहिण्याची ही पद्धत) शिकवताना ‘सगळे बिट उलटे करा आणि एक मिळवा’ असं सांगतात. ते चूक नाही, पण बिघाड शोधताना ‘डावीकडच्या बिटाची किंमत ऋण’ एवढं ध्यानात ठेवलं तर लवकर उमगतं.

दहा ग्रॅमच्या हिशेबात ३२७.६७ किलोपर्यंत डावीकडचा बिट बंद असतो, म्हणून दहा रव्यांपर्यंत चूक दिसायची नाही. ही चूक पडून राहू शकते ती याचमुळे. दुकानात चाचणी घेताना कोण तीनशे किलो चढवतं? ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटलं, तेव्हाही ६४ बिटांचा एक दशांश आकडा १६ बिटांच्या साइन्ड जागेत कोंबला गेला होता. जुन्या एरियान ४ वर तो आकडा कधी तेवढा मोठा झाला नव्हता, म्हणून तोच भाग तिथं बिनतक्रार चालला होता.

उपाय सोपा आहे. सी किंवा आर्डुइनोवर सोळा बिटांचा अनसाइन्ड (चिन्ह न धरणारा) प्रकार घ्या. आर्डुइनो उनो आर३ वर साधा पूर्णांक सोळाच बिटांचा असतो आणि ईएसपी३२ वर बत्तीस बिटांचा, त्यामुळे तोच कोड एका बोर्डावर चुकतो आणि दुसऱ्यावर चालतो. जावात आकड्यांसाठीचा दोन बाइटचा पूर्णांक साइन्डच असतो, तिथे मोठ्या पूर्णांकात घेऊन जोडणी करा. ती कशी ते पुढे येतंच.

पण हा उपाय डोळे झाकून सगळीकडे लावू नका. मी तो लावला आणि पस्तावलो. यार्डात दुरुस्त केलेला कोड जसाच्या तसा एका दूध संस्थेच्या काट्याला जोडला. तो दीडशे किलोचा काटा, तिथं आकडा कधी पंधरा हजारांपुढे जाणारच नाही. पण बादली ठेवून टेअर केलं (म्हणजे तिचं वजन वगळून काटा शून्यावर आणला), दूध मोजलं आणि बादली उचलली, की काट्यावर उणे १.२० आणि स्क्रीनवर ६५४.१६ किलो. पहाटेच्या रांगेत लोक उभे आणि नोंद साडेसहाशे किलोची. हा काटा खरोखरच साइन्ड आकडा पाठवत होता. उणे १२० अधिक ६५५३६, म्हणजे ६५४१६. तोच फरक, उलट्या दिशेने. यार्डातला काटा उणे चिन्ह वेगळ्या स्टेटस बाइटमध्ये (काट्याची स्थिती सांगणाऱ्या बाइटमध्ये) पाठवायचा, हा आकड्यातच पाठवत होता. काट्याच्या मॅन्युअलमधलं बाइटांचं पान वाचल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही. मॅन्युअल मिळत नसेल तर टेअर करून भांडं उचला आणि कच्चे बाइट बघा. डावीकडे १ च्या रांगा दिसल्या तर आकडा साइन्ड आहे. आकडा साधाच दिसला आणि दुसऱ्याच बाइटमधला एखादा बिट बदलला, तर चिन्ह वेगळं आहे.

स्टेटस बाइटबद्दल एक खबरदारी. काही मॅन्युअलं बिट १ पासून मोजतात, प्रोग्रॅमर शून्यापासून. ‘बिट ३ म्हणजे वजन स्थिर’ असं लिहिलेलं असेल तर तो ०००००१०० की ००००१०००, हे वजन हलवून स्वतः बघा. आणि सी मध्ये तो बिट तपासताना अँडच्या (हवा तो बिट गाळून घेण्याच्या क्रियेच्या) भागाला कंस घाला. तिथे बरोबरीची तुलना अँडच्या आधी होते. कंस राहिला तर अट भलत्याच गोष्टीची तपासली जाते आणि कंपायलर फार तर एक इशारा देतो.

मोठा रवा हलका, बारका जड

यापुढचा प्रकार मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात शेतकऱ्याचं नुकसान होत होतं. एकेक रवा काट्यावर ठेवायचा, वजन ब्लूटूथने मोबाईलवर, ॲपवरून पावती. एक काका आपल्या गुऱ्हाळाचा माल घेऊन आले होते. त्यांनी दोन रवे हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, “आरं पोरा, ह्यो मोठा रवा हलका आन् त्यो बारका जड? कसला काटा हाय ह्यो?” पावतीवर बारक्याचं वजन २८.९० आणि मोठ्याचं २७.६४.

आपल्या भागात काटा मारणं, म्हणजे मापात फसवणं, हा शब्द हलका नाही. उसाच्या वजनावरून इथं आंदोलनं झालीत. शेतकऱ्याने काट्याकडे संशयाने बघितलं की त्याला उगाच बघतोय असं म्हणू नये. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, आपल्या ॲपवर तो नसतो. त्यामुळे डिस्प्ले आणि पावती यांत दहा ग्रॅमचाही फरक राहिला तर उत्तर आपण द्यायचं. त्या दिवशी सगळ्या पावत्या थांबवून आम्ही डिस्प्लेवरून हाताने वजनं लिहिली.

मोठ्या रव्याचं खरं वजन ३०.२०. फरक २.५६ किलो, म्हणजे २५६ एककं. एका बाइटला बरोबर एवढेच आकडे मावतात, त्यामुळे दोष एका बाइटच्या वाचनात असणार हे उघड. ३०२० म्हणजे वरचा बाइट ११, खालचा २०४. ११ गुणिले २५६ म्हणजे २८१६, त्यात २०४ मिळवले की ३०२०. पण जावात बाइट हा प्रकार साइन्डच असतो, उणे १२८ ते १२७. २०४ म्हणजे ११०० ११००, डावीकडचा बिट चालू, म्हणून तो उणे ५२ वाचला गेला. २८१६ उणे ५२, झाले २७६४. बारक्या रव्याचा खालचा बाइट ७४ होता, १२७ च्या आतला, म्हणून त्याचं वजन बरोबर आलं. हिशेब मांडला तर २९.४४ ते ३०.७१ या टप्प्यातला प्रत्येक रवा अडीच किलोने हलका दिसत होता. तीस किलोचा रवा नेमका याच टप्प्यात पडतो.

कोणी जोडणी बेरजेऐवजी ऑरने (दोन्हींतले चालू बिट एकत्र करणाऱ्या क्रियेने) केली असेल तर लक्षण वेगळं दिसतं. तिथे ३०.२० च्या जागी उणे ०.५२ येईल, कारण उणे ५२ च्या डावीकडचे सगळे बिट १ असतात आणि ते वरच्या बाइटला गिळून टाकतात. दोन्ही लक्षणांचं औषध एकच:

वजन = ((वरचा & २५५) << ८) | (खालचा & २५५)

२५५ म्हणजे आठही बिट चालू. त्याच्याशी अँड केलं की खालचे आठ बिट तसेच राहतात आणि त्यांच्या डावीकडे पसरलेले चिन्हाचे १ पुसले जातात. उणे ५२ चे पुन्हा २०४ होतात. हा मास्क दोन्ही बाइटना लावा. ‘वरचा बाइट कधी १२७ च्या पुढे जाणार नाही’ असं म्हणून तिथे सोडू नका, अकराव्या रव्याची गोष्ट आठवा. (दूध संस्थेसारखा काटा खरोखर साइन्ड आकडा पाठवत असेल, तर ही जोडणी झाल्यावर मिळालेले सोळा बिट साइन्ड म्हणून वाचा. ते आधी नाही.) कंसही तसेच ठेवा. बेरीज वापरून कंस गाळले तर सी, जावा आणि पायथॉन तिन्हींत बेरीज आधी होते आणि शिफ्ट नंतर. म्हणजे आठ घरं सरकवण्याऐवजी आठ अधिक खालचा बाइट एवढी घरं सरकवली जातात.

सी मध्ये आणखी एक खाच आहे. तिथला कॅरेक्टर प्रकार साइन्ड की अनसाइन्ड हे भाषेने ठरवलेलं नाही. इंटेलच्या संगणकावर तो सहसा साइन्ड असतो, एआरएम लिनक्सवर सहसा अनसाइन्ड. त्यामुळे रास्पबेरी पायवर बरोबर चाललेला प्रोग्रॅम दुकानातल्या पीसीवर वजन कमी दाखवतो. अनसाइन्ड असं स्पष्ट लिहून मोकळे व्हा.

पावतीवर ३२ तारीख

दूध संस्थेत दर दहा दिवसांचं बिल निघतं. एका ठिकाणी महिन्याचं पहिलं बिल सुरळीत गेल्यासारखं वाटलं आणि पुढे सगळा घोळ झाला. सचिवांचा फोन आला तो २० तारखेला: पावतीवर ३२ तारीख छापून येतेय. मी मागच्या पावत्या मागवल्या. १ ते ९ बरोबर. १० तारखेला १६ छापलेलं, ११ ला १७, असं करत १९ ला २५. हे आकडे तारखेसारखेच दिसत असल्याने पहाटेच्या घाईत कोणाच्या लक्षात आले नव्हते. ३२ आल्यावर आरडाओरडा झाला.

९ पर्यंत बरोबर आणि १० चे १६, हे बीसीडी या अंकलेखन पद्धतीचं लक्षण. घड्याळासाठी लावतात त्या डीएस१३०७ चिपमध्ये तारीख आणि वेळ सरळ बायनरीत नसतात. प्रत्येक दशमान अंकाला चार बिट दिलेले असतात. २० म्हणजे ००१० ००००, डावीकडे २, उजवीकडे ०. तोच बाइट सरळ बायनरी म्हणून वाचला की ३२. फरक नेहमी दशकाच्या सहापट: १० ला ६, २० ला १२, ३० ला १८. वाचताना वरचे चार बिट सुटे करून दहाने गुणा आणि खालचे चार मिळवा. घड्याळ लावतानाही उलटं रूपांतर करायला विसरू नका. नाहीतर वाचन दुरुस्त करूनही वेळ चुकतच राहते आणि चिपवर विनाकारण आळ येतो. काही काट्यांचं वजनसुद्धा बीसीडीत येतं, तिथेही हीच वजाबाकी कामाला येते.

बाकीची लक्षणं

आकडा उगाचच मोठा किंवा लहान, चिन्ह बरोबर, आणि वजन थोडंसं वाढवलं तरी स्क्रीनवर अडीच किलोच्या उड्या: बाइटांचा क्रम उलटा झालाय. वरचं ३३१.२० या क्रमाने वाचलं असतं तर २४७.०५ आलं असतं. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेल्यांना हे पटकन समजेल. लघु-गुरू-गुरू डावीकडून वाचलं तर य गण, उजवीकडून वाचलं तर त गण. आठही गण म्हणजे तीन बिटांच्या आठ जुळण्याच आहेत. इथे फक्त बिट उलटत नाहीत, आठ-आठ बिटांचे गठ्ठे जागा बदलतात.

फौंड्रीत भट्टीच्या पॅनेलवरचा मीटर मॉडबसने (कारखान्यातल्या यंत्रांच्या संवादपद्धतीने) जोडला होता. फेजचं व्होल्टेज २३० असताना स्क्रीनवर ०.०० यायचं. मॉडबसमध्ये सोळा बिटांच्या रजिस्टरमधला (आकडा ठेवायच्या कप्प्यातला) बाइटक्रम ठरलेला आहे, पण बत्तीस बिटांच्या आकड्यासाठी कुठलं रजिस्टर आधी हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. रजिस्टरं उलटी जोडली की २३० चा इतका बारीक अपूर्णांक होतो की दोन दशांशांत शून्यच दिसतं. खरं शून्य आहे की असं शून्य, ते कच्चे बिट बघितल्यावर एका क्षणात कळतं. अदलाबदल केली, काम झालं.

सी किंवा जावात आकडे एका रांगेत दिसावेत म्हणून आधी शून्य लावून ०१० लिहिलंत तर त्याचा अर्थ ८ होतो. आधीचं शून्य म्हणजे अष्टमान. सभासद क्रमांकांचा तक्ता कोडमध्येच लिहिणाऱ्यांनी हे जपावं.

आणि पैशाची तफावत. दूध तपासणाऱ्या अॅनालायझरवर फॅट ४.३५, प्रोग्रॅमने शंभराने गुणून पूर्णांक केला तर ४३५ ऐवजी ४३४. कारण गुणाकार ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतो आणि दशांश भाग कापला जातो. हे का होतं ते आजोबांच्या वजनांवरून सांगता येतं. अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक: प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. हीच वजनं आणि त्यांच्याही निम्म्यानिम्म्याची वजनं वापरून शेराचा बरोबर दहावा भाग तोला म्हटलं तर? छटाक म्हणजे ०.०६२५. त्याचं निम्मं मिळवलं, ०.०९३७५. आणखी बारीक वजनं टाकत जा, ०.०९७६५६२५, मग ०.०९९६०९३७५. जवळ जवळ जाल, पण दहावा भाग कधीच पुरा होणार नाही. संगणकाच्या दशांश प्रकारात अशी त्रेपन्न वजनं असतात आणि तो तिथे थांबतो. १ एप्रिल १९५७ च्या आधी, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तेव्हा, हा हिशेब बायनरीत तंतोतंत बसला असता. आता शंभर पैसे आहेत, म्हणून रक्कम पैशांत आणि फॅट शंभरपट पूर्णांकात ठेवा. काट्याकडून किंवा अॅनालायझरकडून मजकूर म्हणून आलेल्या ‘४.३५’ मधला टिंब काढून थेट ४३५ करा, दशांश प्रकारात नेऊच नका. (‘४.३’ आला तर आधी मागे शून्य लावा.)

दुकानात नेण्याआधी

काटा नसला तरी चाचणी घेता येते. काट्याच्या जागी एक छोटा प्रोग्रॅम लावा, जो तुम्ही सांगाल ते बाइट पाठवील. त्यातून एककांमध्ये हे आकडे सोडा: ०, १, १२७, १२८, २५५, २५६, ३२७६७, ३२७६८, ६५५३५. त्यांच्यात गुळाच्या रव्याचे २९४३ आणि २९४४ हेही टाका. १२७ बरोबर आणि १२८ चूक आलं तर बाइटचा मास्क राहिलाय. २५६ च्या जागी १ आला तर क्रम उलटा. ३२७६८ उणे आलं तर काटा साइन्ड पाठवतो का ते मॅन्युअलमध्ये बघा, मग ठरवा. घड्याळात ९, १०, १९ आणि २० तारीख घालून चार पावत्या काढा आणि चौथीवर २० छापलंय का ते वाचा.